हुरड्याला निघालो होतो, मॅडम

माझी सून गाडी शिकली ती माझ्या मिस्टरांच्या गाडीवर. ते गेल्यानंतर ती पांढरी गाडी गारखेड्यातल्या आमच्या घरासमोर कव्हर घालून नुसती उभी होती. मुलगा वाळूजला कंपनीत, त्याला न्यायला-आणायला कंपनीची बस. मला तर सायकलसुद्धा कधी आली नाही. विकायला मन धजत नव्हतं आणि चालवणारं कोणी नव्हतं. एका सकाळी सुनेनं कव्हर ओढून काढलं, बादलीभर पाणी आणून गाडी धुतली आणि ओल्या हातांनीच मला विचारलं, "आत्या, मी शिकू का?"

आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात. पण हिच्या तोंडी तो शब्द आला की मला सुरुवातीला जरा वेगळंच वाटायचं. ती मेंढपाळांच्या घरातली. तिचे वडील, चुलते अजून दौलताबादच्या बाजूला कळप घेऊन फिरतात. मुलानं कॉलेजात पसंत केली आणि आम्ही लग्न लावून दिलं. आमच्या जमीनजुमला असलेल्या पाहुण्यांत त्यावर लई दिवस कुजबुज चालली. ती कुजबुज तिच्याही कानावर जात असणार. तिनं कधी दाखवलं नाही.

शिकताना मात्र तिनं जीव तोडला. सकाळी ड्रायव्हिंग क्लासची गाडी, संध्याकाळी शेजारच्या रिकाम्या मैदानात आमची. चढावर गाडी मागं सरकू नये म्हणून क्लच कुठं सोडायचा, हे तिनं इतक्या वेळा केलं की मैदानातली क्रिकेट खेळणारी पोरं कंटाळून दुसरीकडं गेली. लायसन्स हातात आलं त्या दिवशी तिनं ते देवापुढं ठेवलं नाही, माझ्या मिस्टरांच्या फोटोपुढं ठेवलं. मी स्वयंपाकघरातून बघितलं.

पौषातला रविवार होता. पडेगावच्या पुढं माझ्या बहिणीचं शेत आहे. तिचा फोन आला, ज्वारी हुरड्यात आलीय, या. मुलाची त्या दिवशी ड्युटी होती. सून म्हणाली, "आपण दोघीच जाऊ की." निघण्याआधी तिनं मुलाला फोन करून विचारलं, "गाडीची कागदं आहेत ना सगळी?" तो म्हणाला, "आहेत, समोरच्या कप्प्यात आहेत." तिनं कप्पा उघडला, प्लास्टिकची पिशवी दिसली, कप्पा लावून टाकला. आम्ही निघालो.

मी पहिल्यांदाच गाडी चालवणाऱ्या बाईमाणसाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले होते. ती दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून सरळ बसली होती. क्रांती चौकात मागून कोणी हॉर्न वाजवला तरी तिनं घाई केली नाही. छावणीत पोलीस गाड्या तपासत होते. एका हवालदारानं हात केला. तिनं इंडिकेटर देऊन गाडी व्यवस्थित बाजूला घेतली, काच खाली केली आणि लायसन्स पुढं केलं.

हवालदारानं हातातल्या मशीनवर गाडीचा नंबर टाकला. मग तिच्याकडं बघितलं, मग पुन्हा मशीनकडं.

"मॅडम, इन्शुरन्स संपलेलाय याचा."

"नाही हो, आहेत कागदं," मी म्हणाले.

तिनं कप्प्यातली पिशवी काढली. पॉलिसी होती, पण जुनी. दरवर्षी ती भरणारा माणूस गेला होता आणि त्यानंतर हे काम कोणाचं, हे आमच्या घरात कोणी ठरवलंच नव्हतं. हवालदारानं मालकाचं नाव वाचलं, ते हयात नाहीत हे ऐकलं आणि म्हणाला, "मग हे इथं मिटायचं नाही. मालक नाहीत, गाडी नावावर केलेली नाही. चालवणाऱ्याच्या नावानं केस कोर्टात पाठवतो."

कोर्ट म्हटल्यावर मी देवाचं नाव घ्यायला लागले. ती मात्र त्याला विचारत होती, "साहेब, आता इथून पुढं गाडी चालवली तर चालंल का?"

तो हसला. "चालवा हो. केस झालीय ना आता. आज दुसरं कोणी धरणार नाही तुम्हाला."

"नाय, तसं नाय. विमा नाय तर चालवायची नाय ना?"

त्यानं खांदे उडवले. तिनं गाडी एका दुकानासमोर, दुकानदाराला विचारून, नीट भिंतीला लावली. किल्ली पर्समध्ये टाकली आणि रिक्षाला हात केला. बहीण तिकडं शेतात आगटी पेटवून वाट बघत होती आणि आम्ही दोघी रिक्षात बसून उलट गारखेड्याकडं चाललो होतो. रिक्षात तिनं एकदाच विचारलं, "आत्या, जेल होती का ओ याच्यात?" मी म्हणाले, "काहीतरीच काय!" पण मला तरी कुठं माहीत होतं.

गाडी घरी आणायची पाळी आली तेव्हा मुलगा म्हणाला, "मी पहाटे चालवणाऱ्या मित्राला नेऊन हळूच घेऊन येतो." तिनं ऐकलं नाही. गॅरेजवाल्याला बोलावून गाडी टोचन करून, त्याच्या गाडीला बांधून ओढत आणली. आख्खी गल्ली गच्चीवर येऊन बघत होती. मला लाज वाटली. ती पुढं होऊन गॅरेजवाल्याला "डावीकडं घ्या, डावीकडं" असं सांगत होती. नंतर कितीतरी चकरा मारून गाडी माझ्या नावावर झाली, मग विमा झाला, आणि त्यानंतरच ती पुन्हा स्टेअरिंगवर बसली.

समन्स आलं तसं तिचं जेवण कमी झालं. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची. मुलाच्या ओळखीतले एक वकील होते, त्यांना घरी बोलावलं. भला माणूस. चहा घेता घेता त्यांनी सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "काकू, तुम्हाला काही आजार?"

"दमा आहे," मी म्हणाले.

"झालं तर मग! सासूबाईंना दम लागला, दवाखान्यात न्यायची घाई होती, असं सांगू. कोर्ट समजून घेतं. नव्यानं गाडी शिकलेल्या पोरीशी कोण कशाला कडक वागंल?"

मला ते लगेच पटलं. दमा तर खराच होता!  वकील गेल्यावर सून म्हणाली, "आत्या, आपण दवाखान्यात कुठं चाललो होतो?"

"अगं, सांगायला काय जातंय? तेवढ्यानं तू सुटशील."

"व्हय," ती म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली. मला वाटलं, तिनं मान्य केलं.

कोर्टाच्या दिवशी मी मुद्दाम माझा दम्याचा पंप पर्समध्ये वरच ठेवला, लागला तर दाखवता यावा म्हणून. मुलाला सुट्टी मिळाली नव्हती. आम्ही दोघी रिक्षानं अदालत रोडला गेलो. मी याआधी त्या दगडी फाटकाच्या आत कधी पाय ठेवला नव्हता. व्हरांड्यात इतकी माणसं होती की बसस्टँड बरा. कोणी जमिनीच्या भांडणाचे, कोणी फारकतीचे. बाकावर जरा जागा मिळाली तर तिनं मला बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा हात मी धरला. 

नाव पुकारलं तशी ती आत गेली, मागं आमचे वकील, त्यांच्या मागं मी. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या, माझ्या मुलापेक्षा फार मोठ्या नसतील. समोर फायलींचा ढीग. त्यांनी वर न बघताच वाचून दाखवलं आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"व्हय... हो, मॅडम. कबूल आहे."

"विमा नसताना गाडी रस्त्यावर का आणली?"

वकिलांनी घसा साफ केला. "मॅडम, यांच्या सासूबाई दम्याच्या पेशंट आहेत, आणि त्या दिवशी..."

मी पर्सची चेन उघडली.

"नाही मॅडम," सून म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आम्ही हुरड्याला निघालो होतो."

मागं कोणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. टायपिंग करणारे गृहस्थ बोटं थांबवून बघायला लागले. न्यायाधीश बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. वकिलांनी माझ्याकडं बघितलं. मी पर्सची चेन लावून टाकली.

"विमा संपलाय हे माहीत नव्हतं?" बाईंनी विचारलं.

आता ही म्हणेल की मी नवऱ्याला विचारलं होतं, त्यानं आहे म्हणून सांगितलं. ते खरंही होतं. मला तेच ऐकायचं होतं खरं तर, कारण त्यात तिची चूक नव्हती.

"नव्हतं माहीत. पण बघायला पाहिजे होतं. कागदं माझ्या हाताशीच होती. गाडी मी चालवत होते, तर बघायचं काम पण माझंच होतं."

"एखाद्याला धडकली असती गाडी, तर काय केलं असतं तुम्ही? विमा कशासाठी असतो, माहितीय?"

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, आता रडते. वकील पुढं व्हायला लागले तर तिनं हातानंच त्यांना थांबवलं.

"माहितीय, मॅडम. माझे चुलते मेंढ्या घेऊन रस्त्यानं चालले होते. एका पिकअपनं त्यांना उडवलं. पिकअपवाला पळून नाय गेला, त्यानंच दवाखान्यात नेलं. पण त्याच्या गाडीचा विमा नव्हता. तो पण गरीब, आम्ही पण गरीब. चुलत्याच्या पायाचं ऑपरेशन अर्ध्यावर राहिलं. ते अजून लंगडत्यात. मी त्या पिकअपवाल्याला लई शिव्या दिल्या होत्या." ती थांबली. "आणि मग मीच तशी गाडी घेऊन निघाले. म्हणून कबूल आहे म्हणले."

आता कोणी हसत नव्हतं.  मी तिच्या त्या चुलत्यांना लग्नात बघितलं होतं. पांढरा पटका बांधून, एका पायावर भार देऊन उभे होते. मला वाटलं होतं, लहानपणचा पोलिओ असेल. हिच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही भर कोर्टात.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. "आता विमा आहे?"

"आहे, मॅडम." तिनं कागद पुढं केला. बाईंनी तो स्वतः वाचला. मग दंड सांगितला, पुन्हा असं घडलं तर कैदही होऊ शकते हे बजावलं. वकिलांनी, पहिलीच वेळ आहे, असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "त्यांनी जे सांगायचं ते सांगितलंय." मग तिच्याकडं वळून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "जपून चालवा. सोडू मात्र नका."

बाहेर आल्यावर वकील काळा कोट काढून हातावर घेत हसले. "वहिनी, मी उगाच आलो की हो आज." तिनं त्यांना वाकून नमस्कार केला. म्हणाली, "राग मानू नका." ते म्हणाले, "छे, राग कसला!" आणि आम्हाला रसवंतीत उसाचा रस पाजून मगच गेले.

रस पिताना मी तिला विचारलं, "तुझ्या काकांचं मला कधी बोलली नाहीस."

"ते स्वतःच कुणाला सांगत नायत, आत्या. विचारलं तर म्हणत्यात, माझीच मेंढी आडवी आली." ती ग्लासातल्या बर्फाकडं बघत होती. "त्यांना वाटतं, पिकअपवाल्याला उगाच तळतळाट लागू नये."

मग मला कळलं, ही पोर कुठल्या घरातून माझ्याकडं आलीय. माझ्या पाहुण्यांनी तिच्या घराबद्दल जे जे काय म्हटलं होतं त्यातलं काहीच मी कधी खोडून काढलं नव्हतं, आणि तिथं रसवंतीच्या बाकावर मला त्यातला एकेक शब्द आठवत होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती एकदम रडायला लागली. आत रडली नव्हती ते सगळं बाहेर रडली. रसवाल्यानं काही न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

संध्याकाळी माझ्या नणंदेचा फोन आला. कोणाकडून तरी तिला कळलंच होतं. "वहिनी, सुनेला म्हणं कोर्टात उभं केलं?" तिच्या आवाजात मजा होती. एरवी मी विषय बदलला असता. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, हुरड्यापासून लंगड्या चुलत्यापर्यंत, काही न गाळता. तिकडून बराच वेळ नुसतं "हं, हं" येत राहिलं. शेवटी नणंद म्हणाली, "आमच्या स्कूटीच्या विम्याचं बघायला पाहिजे, वहिनी. कधी भरलाय, कोणाला ठावं."

गल्लीतही सुनेनं काही लपवून ठेवलं नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिनं स्वतःच सांगितलं, मला दंड झाला, अशानं अशानं झाला. एकदोघींनी घरी जाऊन नवऱ्यांच्या गाड्यांचे कागद काढले आणि त्यांच्या घरी जी वादावादी झाली ती आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आली.

मी त्यानंतर महिन्याभरानं शिकाऊ लायसन्स काढलं. मुलगा हसला, पण सून हसली नाही. रोज सकाळी ती मला मैदानावर घेऊन जाते. शिकवताना ती कडक आहे. "आत्या, आरशात बघा. नाय, मागचा आरसा. बघितलं का खरंच?" मी बघितलं म्हणते, ती मान हलवते आणि मला पुन्हा बघायला लावते. सरळ जाणं मला आता येतं. गाडी मागं घेताना अजून भिंत कुठं आहे ते कळत नाही, तेव्हा ती खाली उतरून मागं उभी राहते आणि हात हलवून सांगते, या, या, अजून या. तिच्यावर भरवसा ठेवून मी येत राहते.