बुटकीच्या हातातला बॉल

माझी नात महादेवपुऱ्यात नोकरीला आहे आणि पहाटे उठून परदेशातले बास्केटबॉलचे सामने बघते. गेल्या रविवारी जयनगरला माझ्याकडे आली तेव्हा तिनं मला समजावून सांगितलं की पॉइंट गार्डभोवती बांधलेली टीम सामने जिंकते, चॅम्पियनशिप जिंकत नाही. कप हवा असेल तर टीम उंच खेळाडूभोवतीच बांधायला लागते, सगळे जाणकार असंच म्हणतात म्हणे. मी म्हटलं, तुझ्या जाणकारांना सांग, त्यांचा जन्म व्हायच्या आधी बंगळूरच्या एका मातीच्या मैदानावर याचा निकाल लागलेला आहे. आणि तो मी लावलेला आहे.

पॉइंट गार्ड हा शब्द आम्हाला माहीत नव्हता. मागून टप्पे देत बॉल पुढे आणायचा आणि कुणाकडे द्यायचा ते ठरवायचं, हे काम करणारीला आम्ही नुसतं गार्ड म्हणायचो. जिला दुसरं काही जमत नाही तिला हे काम मिळायचं. म्हणून मला मिळालं होतं. माझी उंची पाच फुटाला दोन इंच कमी, आणि त्यातही अंबाड्याचा अर्धा इंच धरलेला.

आमच्या कॉलेजच्या टीमचे सर मिलिटरीतून निवृत्त झालेले. त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं: टोपली आकाशात आहे, तेव्हा हातही आकाशात पाहिजे. तो हात कूर्गहून हॉस्टेलात राहायला आलेल्या एका मुलीचा होता. ती दारातून वाकून आत यायची. आम्ही चौघींनी मिळेल तिथून बॉल तिच्याकडे फेकायचा आणि तिनं तो वर टाकायचा, एवढाच आमचा खेळ. आदल्या वर्षी सेमीफायनलला समोरच्यांनी तिच्या अंगाला दोन मुली चिकटवल्या आणि आम्ही चौघी चुकून दुसऱ्याच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारख्या बॉल हातात घेऊन उभ्या राहिलो. हरलो, हे सांगायला नकोच.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. आपल्याला अक्कल आहे अशी खात्री माणसाला त्या वयात जेवढी असते, तेवढी पुढे कधी होत नाही. चिकपेटेत आमच्या अप्पांचं शिवणाचं दुकान होतं. तिथला बेतायचा एक लांबलचक खाकी कागद मी उचलला आणि कापडावर खुणा करायच्या खडूनं त्यावर नव्या टीमचा नकाशा काढला. पाच वर्तुळं काढली. चार शर्टाच्या बटणाएवढी, आणि मधलं एक बशीएवढं. सगळे बाण त्या बशीतून निघत होते.

सरांनी कागद आधी उलटा धरला, मग सुलटा.

"ही बशी कोण?"

"मी, सर."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. त्याला फार वेळ लागला नाही.

कागद दुकानात परतच गेला असता, पण उंच मुलगी मधे पडली. ती म्हणाली, सगळ्यांची कोपरं खाऊन माझ्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्यात. हिला टीम व्हायचंय तर होऊ दे की. सरांना तिचं मन मोडवेना. त्यांनी मला एक वर्ष दिलं, तेही अट घालून. या वर्षीचा आंतर-कॉलेज कप आला तर टीम माझ्या नकाशाप्रमाणे चालेल. नाही आला तर पुढच्या वर्षी मी बॉलला हात लावायचा नाही, बाकावर बसून गुणांची वही लिहायची. त्यांचं वाक्य संपायच्या आधीच मी कबूल म्हणून बसले. तेव्हा मला सगळंच कबूल असायचं.

आणि नकाशा चालला. का चालला ते मला पुष्कळ नंतर कळलं. आमचं घराणं बंगळूरला येऊन तीनशे वर्षं झाली. बाहेर सगळा कन्नड कारभार, मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि पंगतीत. समाजातलं लग्न असलं की बारा वर्षांच्या पोरींच्या हातात भाताचं भांडं यायचं. माझी आत्या माझ्या मागे उभी राहून पुटपुटायची: तोंडाकडे बघू नको, पानाकडे बघ. मागितल्यावर वाढलंस तर उशीर झाला. मैदानावरही तेच होतं. कुणाचं पान आता रिकामं होणार, ते मला आधी दिसायचं. आमची डावीकडची मुलगी वळायच्या आत बॉल तिच्या पोटाशी पोचलेला असायचा. समोरच्यांनी उंच मुलीला दोघींनी घेरलं की इकडे एक जण मोकळीच. तीन सामने आम्ही असे जिंकलो.

माझ्या डोक्यात काय हवा गेली होती ती विचारू नका. सराव संपला की बॉल कॉलेजच्या पेटीत ठेवायचा असा नियम, पण मी तो काखोटीला मारून बसवनगुडीच्या बाजारातून मुद्दाम वळसा घालून घरी जायची. लोक ओळखतील असं वाटायचं. एका भाजीवालीनं तेवढं विचारलं, अक्का, हा भोपळा केवढ्याला घेतला?

फायनल कॅन्टोन्मेंटमधल्या एका कॉन्व्हेंट कॉलेजशी होती. त्यांना शिकवणाऱ्या सिस्टर आमचे तिन्ही सामने कडेला छत्री घेऊन बघत बसल्या होत्या. मला वाटलं, माझा खेळ आवडला असावा. तो त्यांनी फारच लक्षपूर्वक बघितला होता.

सामना सुरू झाला. जी मुलगी माझ्या अंगावर यायला हवी होती ती आलीच नाही. ती टोपलीखाली जाऊन उभी राहिली. उंच मुलीभोवती आता दोघी, आणि आमच्या बाकीच्या तिघींवर एकेक जण डोळे लावून. मी चुन्याच्या रेषेशी एकटी. चटई टाकून झोपता आलं असतं एवढी जागा माझ्या पुढे मोकळी. मी बॉल आणायची, पान शोधायची, एकही रिकामं दिसायचं नाही, तरी देऊन टाकायची, आणि तो त्यांच्या हातात जायचा. अर्धा वेळ संपला तेव्हा त्यांचे चौदा आणि आमचे सहा.

सिस्टरना जे दिसलं होतं ते असं, की तीन सामन्यांत मी एकदाही बॉल टोपलीकडे टाकलेला नव्हता. खरं सांगते, हे माझ्या स्वतःच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

मधल्या वेळात मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी आल्या. सर मला म्हणाले, कागदाचा खेळ आता पुरे, साकु. सगळ्यांनी पहिल्यासारखा बॉल उंच मुलीकडे फेका. माझ्या तोंडात फोड तशीच राहिली. बाक आणि गुणांची वही मला स्पष्ट दिसायला लागली. उंच मुलगी कोपरावर ओलं फडकं धरून बसली होती. तिनं मला विचारलं, तू टाकत का नाहीस? मी म्हटलं, माझं काम द्यायचं. तिनं विचारलं, असं कुणी सांगितलं?

बास्केटबॉलमधल्या कुणीच सांगितलेलं नव्हतं. आत्यानं सांगितलं होतं. वाढणाऱ्या बाईनं मधेच घास घेतला तर हात खरकटा झाला, सगळी पंगत उष्टी झाली. शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत आपण तोंडात काही घालायचं नाही, मग उरेल तो गार भात. मी वेडी ते सोवळं चपला काढल्यासारखं मैदानाबाहेर ठेवून यायचं सोडून आत घेऊन आले होते. मी हे तिला कसंबसं सांगितलं. कूर्गच्या त्या मुलीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर दुपारी चंद्र दाखवला.

"तुझ्या आत्याचं लग्नघर नाही हे," ती म्हणाली. "टाक तू. चुकला तर मी आहे ना खाली."

सरांनी ऐकलं. मी सांगतो तसंच खेळायचं, असं त्यांनी बजावलं. मग मी म्हणाले, "सर, फायनल संपेपर्यंत टीम माझी आहे. तुम्हीच दिलीत."

हे वाक्य मी नातेवाइकांत साठ वर्षं मिरवते आहे. ते मी त्यांच्या बुटांकडे बघत म्हटलं, हे मी गाळते.

पहिला बॉल मी टाकला तो फळीच्याही वरून पलीकडे गेला आणि गुण लिहिणाऱ्या बाईंच्या टेबलावर पडून शाईची दौत सांडली. मैदान हसलं. दुसरा रिंगला लागून खाली आला आणि उंच मुलीनं तो अलगद परत आत ढकलला. तिसरा सरळ आत गेला. त्याचं मला एवढं आश्चर्य वाटलं की मी बघत उभी राहिले, आणि तेवढ्यात त्यांची मुलगी माझ्या शेजारून पळत जाऊन दोन गुण करून आली. उंच मुलीनं काय शिवी दिली ती कन्नडमध्येच बरी.

आणखी दोन गेले. मग सिस्टरनी छत्री मिटली आणि टोपलीखालच्या मुलीला माझ्या अंगावर पाठवलं. मला हवं होतं ते हेच. ती बाहेर आली तशी आत एक पान रिकामं झालं, आणि मी लगेच वाढलं. ती परत आत गेली की मी टाकायची, बाहेर आली की द्यायची. बिचारीची शिवणाच्या यंत्रातल्या सुईसारखी ये-जा चालली होती. वीस-वीस झाले.

शेवटचं मिनिट. सर रेषेवर उभे राहून उंच मुलीच्या नावानं ओरडत होते. तिचा हात आकाशात. बॉल तिकडेच जाणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. मी मान वर करून नीट तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या पाचीजणी तिच्याकडे धावल्या. मी होते तिथूनच दोन्ही हातांनी बॉल वर टाकला. तो फळीवर आपटून आत गेला. माझा नेम फळीवर नव्हता. शिट्टी झाली.

आणि बक्षीस समारंभात सरांनी भाषण केलं की हा उंचीचा विजय आहे. उंच मुलगी मागे वळून माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती, मला मात्र हसू येत नव्हतं. मग फोटो. पाहुणे आणि प्रिन्सिपल खुर्च्यांवर, सर आणि उंच मुलगी कप घेऊन मागे उभे, आणि बुटक्या मुली खाली गवतावर मांडी घालून, अशी रचना सरांनी सांगितली. बाकीच्या बसल्या. मी म्हटलं, मी मधोमध उभी राहणार. सर म्हणाले, तू दिसणार नाहीस. मी म्हटलं, नाही दिसले तर नाही. फोटोग्राफर काळ्या कापडातून डोकं काढून, स्वल्प बसा अम्मा, ऊन चाललंय, म्हणून विनवत होता. मी खुर्च्यांच्या मागे जाऊन सर आणि उंच मुलीच्या मधे उभी राहिले.

फोटो घरी आला तेव्हा अप्पांनी दुकानातलं भिंग लावून मला शोधलं. पुढच्या खुर्चीवरच्या पाहुण्यांनी म्हैसुरी पेटा, म्हणजे जरीचा फेटा, घातला होता. त्या पेट्याच्या वर माझ्या केसांचा भांग आणि रिबिनीचं एक टोक, एवढीच मी.

"खाली बसली असतीस तर चेहरा तरी आला असता," अप्पा म्हणाले.

मी म्हटलं, मधोमध कोण आहे ते बघा.