घरच्या बॅटरीचा फ्यूज

ही गोष्ट आमच्या सरांना ठाऊक नाही, लेकीला ठाऊक नाही, आणि भाजीत मीठ जास्त झालं तरी जिला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही त्या शेजारच्या वत्सलाबाईलाही नाही. तुम्हीच पहिले. वय झालं म्हणून जीभ सैल सुटली असं समजा हवं तर — पण आज सांगतेच.

सर म्हणजे माझे मिस्टर. गणिताचे मास्तर होते, सगळं गाव सर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. मी नर्स. तीस वर्षं या उपकेंद्रातून त्या उपकेंद्रात बदल्या झाल्या — ट्रंक कधी पूर्ण रिकामी झालीच नाही. रिटायर झाल्यावर आखाडा बाळापूरला घर बांधलं, मागं हळदीचे चार वाफे लावले आणि मनाशी म्हटलं, बाई, आता हलायचं नाही.

त्याच महिन्यात सरांनी एक म्हातारी व्हॅन आणून दारात उभी केली.

आत पलंग, छोटा ओटा, पाण्याचा पंप, पंखा आणि एवढासा फ्रिज. भारतभर फिरायचं म्हणे, आणि राहायचं गाडीतच. सरांनी भिंतीवर नकाशा लावून लाल पेन्सिलीनं रस्तेसुद्धा आखले होते. या माणसानं तोवर समुद्र पाहिला नव्हता. मला विचारलं, "कशी वाटली?" मी म्हटलं, "लय झकास!"

आता सांगा, तेव्हाच तोंड उघडून 'मला न्हाई यायचं' म्हणायला काय झालं होतं? शंभर बाळंतपणं एकटीनं निभावलेली बाई मी, दारुड्या नवऱ्यांना दरडावून बाहेर काढणारी. पण त्या लाल रेघांपुढं माझी बोबडी वळली.

गाडीची सगळी लाईट सुदामनं केली होती. सुदाम वारंगा फाट्यावरचा इलेक्ट्रिशियन, गाड्यांचा. कमी बोलायचा, आणि हात असा की बंद पडलेला हॉर्न त्यानं नुसता धरला तरी वाजावा. त्यानं आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं — बॅटऱ्या दोन. एक इंजिनची, एक घरची, म्हणजे पंखा-फ्रिजची. इंजिन चालू झालं की दोन्ही भरतात. घरच्या बॅटरीकडं जाणाऱ्या वायरीत हा एक फ्यूज, पलंगाखालच्या या डबीत. "काही अडलं तर आधी हे बघा," म्हणाला. सरांनी मान डोलावली आणि विसरले. गणितातलं नव्हतं ना! मी मात्र विसरले नाही.

झालं. ओळखलंत तुम्ही.

पहिल्यांदा इसापूर धरणाकडं निघालो — सराव म्हणून. सर टायर बघत होते, मी डबे लावायला आत गेले, आणि — खरं सांगते, ठरवलं नव्हतं — फ्यूज काढून चष्म्याच्या डबीत टाकला. गाडी मस्त चालली. पण संध्याकाळी पंखा मान टाकायला लागला, फ्रिजमधलं दूध नासलं, आणि दिवेलागणीला आम्ही घरी परत. मी माझ्या अंगणात, माझ्या खुर्चीत! वाईट वाटलं का? अजिबात नाही. मला तर इतकं हसू येत होतं की पदर तोंडाशी धरून बसले.

सर दुसऱ्या दिवशी गाडी फाट्यावर नेणार. आता आमच्याकडं गाडी काय, म्हैस जरी डॉक्टरकडं न्यायची तरी आधी धुऊन नेतात, लोक काय म्हणतील म्हणून. झाडलोट अर्थातच माझ्याकडं. झाडता झाडता मी फ्यूज जागच्या जागी बसवला. सुदामनं मीटर लावलं, डोकं खाजवलं. "गाडी तर बराबर चार्ज होऊन राहिली, सर."

"मग गावाबाहेर काढली की काहून बसती?" सर म्हणाले.

असं चारदा झालं. निघताना मी फ्यूज काढायची, दुरुस्तीच्या आदल्या दिवशी घालायची. सुदामनं अल्टरनेटर खोलला, रिले बदलला, वायर नवी ओढली. जो आजार नाहीच त्याला औषध तरी काय देणार बिचारा? सरांचा पारा मात्र चढत गेला. फाट्यावर चहा पिताना ते ड्रायव्हर लोकांना सांगू लागले — सुदामला एक बॅटरी भरता येईना. आणि फाट्यावरची गोष्ट ट्रकबरोबर नांदेडलाही जाते. एकदा मी स्वतः ऐकलं, एक ड्रायव्हर दुसऱ्याला म्हणत होता, सुदामकडं नको, तो सरांची गाडी सहा महिन्यांपासून खराब करून राहिला.

तेव्हा मला हसू आलं नाही. पण मी बोललेही नाही.

मग एक दिवस सुदामचाच फोन आला. गाडी इकडं आणू नका, घरीच येऊन बघतो म्हणाला, आणि अर्ध्या तासात दारात हजर. घरी आमची हळद शिजवून वाळत घातलेली, ती चोळून चोळून माझे हात पिवळेजर्द. फोन झाल्या झाल्या मी तशीच धावले, फ्यूज बसवला, बाहेर येऊन चहा ठेवला. हळदीचा हात आमच्याकडं आठ-आठ दिवस सुटत नाही, हे लहान लेकरालाही कळतं. मला त्या वेळी आठवलं नाही.

सुदामनं पलंगाखालची डबी उघडली. झाकणावर पिवळा अंगठा, फ्यूजवर पिवळी बोटं. मी चहाचा ट्रे घेऊन गाडीच्या दाराशीच उभी. त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग खांद्यावरचं फडकं काढून झाकण पुसलं. फ्यूज पुसला. सावकाश, नीट.

सर बाहेरून ओरडले, "सापडलं का काही?" अंगणात वत्सलाबाई, तिचा दीर, समोरचे दोघं — तमाशा बघायला सगळे जमलेले.

"सापडलं सर," सुदाम म्हणाला. "माझीच चूक व्हती. बसवतानाच जोड ढिला ठेवला व्हता मी. आता तकलीफ न्हाई व्हणार. तुमी बिनघोर निघा."

सर त्याला सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. सहा महिने! एक जोड! दुकान बंद कर आणि शेळ्या राख! सुदाम खाली मान घालून ऐकत राहिला. एक शब्द बोलला असता तर आमच्या घरात महाभारत झालं असतं — तो बोलला नाही. आणि मी? एका वाक्याचं काम होतं. मी त्याच्यापुढं चहा धरला. "घे सुदाम, गार होतो," म्हटलं.

हा माझा गुन्हा. फ्यूज हा नुसता वात्रटपणा होता.

त्यानंतर मी त्या डबीला हात लावला नाही, आणि आम्ही खरंच निघालो. आता कसं सांगू — मला ते भलतंच आवडलं! कोकण झालं, राजस्थान झालं. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा सर पँट वर करून लेकरासारखे पाण्यात पळाले, आणि मी त्यांच्यामागं. गाडीत मला घरच्यापेक्षा गाढ झोप लागते. सुदामनं ओढलेल्या वायरीवर पंखा आजवर एकदाही थांबलेला नाही.

सर मात्र त्याच्याकडं पुन्हा गेले नाहीत. मुक्कामाला शेजारी दुसरी गाडी लागली, चार माणसं बसली, की त्यांची ठरलेली गोष्ट निघते — आमच्याकडं वारंगा फाट्यावर एक सुदाम म्हणून आहे, त्याला सहा महिने एक ढिला जोड सापडेना! नावासकट सांगतात. नक्कल फार छान करतात, डोकं खाजवणं वगैरे. परवा गोकर्णलाही केली. लोक पोट धरून हसले.

मीही हसते. दर वेळी. सगळ्यात आधी मीच हसते.