बाबांच्या घराला चुना

मी आर्किटेक्ट आहे आणि स्वभावानं तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माळव्यात, राजेंद्र नगरमधलं आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा बाबांना ‘पक्कं’ घर हवं होतं. जन्मभर शाळेत शिकवलेल्या या माणसाची पक्क्याची व्याख्या एका शब्दाची होती: सिमेंट. त्यात त्यांना दमा. जुन्या घराच्या भिंतींना पावसाळ्यात ओल धरायची, बुरशीच्या वासानं त्यांची छाती भरून यायची, आणि उन्हाळ्यात स्लॅब तव्यासारखा तापायचा. मला त्यांना मोकळा श्वास घेता येईल असं घर द्यायचं होतं.

मी म्हटलं, पाडलेल्या घराच्याच विटा वापरू, गिलावा चुन्याचा करू, आणि पश्चिमेचा कडुनिंब न तोडता भिंतच मागे सरकवू. बाबांनी ऐकून घेतलं आणि अट घातली. एक पावसाळा आणि त्यानंतरचा मे महिना. छाती भरली, किंवा दुपारी कूलरशिवाय झोप लागली नाही, तर गिलावा खरवडून सिमेंट लावायचं, एसी बसवायचा, आणि मी त्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही.

सियागंजच्या बाजारातून कळीचा चुना आला आणि अंगणातल्या हौदात महिनाभर मुरत पडला. समोरचे शेजारी रोज फाटकाशी थांबून विचारायचे, “क्यों मास्साब, बेटी ने आखिर चूना लगा ही दिया आपको?” चुना लावणं म्हणजे फसवणं, हे आमच्याकडे हिंदीत आणि मराठीत सारखंच. बाबा हसायचे, पण त्यांना ते झोंबायचं. मला तर त्यांच्याहून जास्त.

मग गिलावा करणाऱ्या मिस्त्रींनी घोळ घातला. भला माणूस. बाबांचा उतरलेला चेहरा बघून त्यांना दया आली आणि त्यांनी बाबांच्या खोलीच्या चुन्यात गुपचूप सिमेंट मिसळलं. अर्धी भिंत झाल्यावर तो राखाडी रंग माझ्या नजरेला पडला.

“थोडी सी डाल दी, मॅडमजी, मजबूती के लिए.”

मी सगळं खरवडायला लावलं. बाबा दारातच उभे होते. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, “थोड्यानं काय फरक पडतो, बेटा?”

“भिंतीचा श्वास कोंडतो, बाबा. तुमचा कोंडतो तसाच.”

 दुसऱ्या दिवसापासून बाबा स्वतःच खुर्ची टाकून गिलाव्यावर पहारा करायला बसले.

पावसाळ्यात घर कोरडं राहिलं. भिंतींवर ओलीचा डाग नाही, बाबांची छातीही भरली नाही. मग मे आला. रात्री खिडक्या उघडून माळव्याची गार हवा आत घ्यायची आणि सकाळी ऊन चढायच्या आत सगळं बंद करायचं, हे काम बाबा शाळेच्या घंटेच्या शिस्तीनं करत होते. मी मात्र रोज दुपारी धास्तावून त्यांच्या दाराला कान लावायची. आतून घोरणं ऐकू आलं की जीव भांड्यात पडायचा.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी गल्लीची लाइट गेली. एसी बंद पडला म्हणून समोरचे शेजारी घामाघूम होऊन आमच्याकडे आले. बैठकीत टेकले आणि इकडेतिकडे बघायला लागले. म्हणाले, लाइट नाही, मग ही ठंडक येते कुठून?

बाबा नुकतेच झोपेतून उठून आले होते. त्यांनी भिंतीवर हात ठेवला.

“बेटी ने चूना लगाया है, भियाजी. आप भी लगवा लो.”