नऊ वीसची हर्सूल बस

छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की आधी रिक्षावाले अंगावर येतात. त्यांच्यातून वाट काढली की शहर बसचा थांबा लागतो. तिथल्या पत्र्याच्या केबिनमध्ये बन्सी हिवराळे यांची नोकरी आहे. केबिनमध्ये एक टेबल, एक खुर्ची आणि खिळ्याला अडकवलेलं वेळापत्रक आहे. पण त्या खुर्चीवर बन्सीभाऊंना फारसं कुणी बसलेलं पाहिलेलं नाही. आत स्टेशनात गाडीची घोषणा झाली की ते बाहेर येऊन उभे राहतात आणि दारातून निघणारी माणसं निरखत बसतात, उभ्यानंच.

त्यांच्या हुद्द्याचं नाव वाहतूक नियंत्रक. सगळे कंट्रोलर म्हणतात. बस कधी आली, कधी सुटली ते कागदावर लिहायचं आणि वेळ झाली की शिट्टी मारायची, एवढंच काम. रेल्वे लेट आहे का, तिच्यातून किती माणसं उतरली, याच्याशी त्यांचा कागदोपत्री काही संबंध नाही. रेल्वेवाल्यांचाही बसशी नाही. गाडीतून उतरून बसमध्ये चढेपर्यंतची जी दीड-दोनशे पावलं असतात, ती कुणाच्याच कामात मोडत नाहीत. बन्सीभाऊंनी ती आपण होऊन डोक्यावर घेतली होती.

स्वभावच तसा. घराला कुलूप लावून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले की परत येऊन कुलूप ओढून बघणार. मुलगी अपेक्षा कॉलेजातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की उस्मानपुऱ्याच्या चौकात जाऊन उभे राहणार. त्यांची बायको सारजाबाई म्हणायच्या, "यान्ला काळजी नसली ना, तर काळजी का नाय म्हून काळजी लागती."

याचं मूळ त्यांच्या लहानपणात होतं. बिडकीनजवळच्या खेड्यात आईबाप मजुरीला जात. सात वर्षांचे असताना बिडकीनच्या बाजारात मजुरांचा ट्रक त्यांना न घेताच निघून गेला. गर्दीत आईला वाटलं बापाजवळ आहे, बापाला वाटलं आईजवळ. पोरगं ट्रक जिथून निघाला होता तिथंच दुपारपासून उभं राहिलं. बाजार उठला, माणसं पांगली, आणि दिवस मावळताना बाप पळत आला. त्यानंतर कुणी मागं राहिलंय का हे बघायची खोड त्यांना लागली ती लागलीच. पुढं ते बस ड्रायव्हर झाले तेव्हाही आरशात मागं बघितल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत. रक्तातल्या साखरेनं एक डोळा अधू झाला आणि स्टिअरिंग सुटलं, तेव्हा त्यांना स्टेशनच्या थांब्यावर आणून बसवलं.

मध्यंतरी शहरात मेट्रोची चर्चा सुरू झाली. दोघं-तिघं माणसं तिपाईवर दुर्बीण लावून स्टेशनासमोरची जागा मोजून गेली. मेट्रो आणि रेल्वे एकाच छपराखाली येणार, असं पेपरात आलं. रिक्षावाले हवालदिल झाले. बन्सीभाऊंनी एवढंच विचारलं, "छप्पर व्हईल, पण म्हाताऱ्या माणसाला एकीतून उतरून दुसरीत चढायला टाईम किती ठेवणार?"

केसरबाई त्यांना याच थांब्यावर भेटल्या. वय चौसष्टच्या आसपास, हातात काठी, खांद्याला निळी पिशवी. लासूर स्टेशनच्या. चांगलं शेतकरी घर, मुलगा राजेंद्र शेती बघून तिथल्या मार्केटात आडतीवर काम करायचा. केसरबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. डायलिसिसचं सेंटर हर्सूलच्या वाटेवर, टीव्ही सेंटर नावाच्या भागात. सकाळची पॅसेंजर धरून यायचं आणि आठ चाळीसची हर्सूलकडे जाणारी बस धरायची. पहिले सहा महिने राजेंद्र सोबत यायचा. मग त्याच म्हणाल्या, "तुझं काम बुडतंय. मला आता वाट पाठ हाय."

दोन वर्षं अशी गेली. दर खेपेला दोन मिनिटांचं बोलणं व्हायचं.

"आक्का, पाय सुजले का हो?"

"सुजणारच की. काल लई तहान लागली, घोटभर जास्त पिले. दिवसाला अर्धा लिटर पाणी, बन्सीभाऊ. उन्हाळ्यात जीव मासळीवानी व्हतो."

बन्सीभाऊ ड्रायव्हरला सांगून पुढची सीट रिकामी ठेवत. एवढी ओळख, पण आडनाव त्यांना माहीत नव्हतं आणि फोन नंबर त्यांनी कधी मागितला नव्हता. परक्या बाईमाणसाचा नंबर कसा मागायचा?

मार्चमधल्या एका सोमवारी केसरबाई आल्या नाहीत. बन्सीभाऊंनी दिवसभर प्रत्येक गाडीच्या वेळी दाराकडे पाहिलं. घरी गेल्यावर जेवताना तोच विषय. सारजाबाई म्हणाल्या, "भावकीत काही झालं आसंल. लोकान्ला कामं असत्यात." त्यांचं म्हणणं खरं होतं. केसरबाईंच्या चुलत दिराची मयत झाली होती आणि घर सोडून निघणं त्यांना बरं वाटलं नव्हतं. पण बन्सीभाऊंना हे कुठून कळणार? त्यांना एवढंच ठाऊक होतं की शुक्रवारनंतर त्या बाईचं रक्त साफ झालेलं नाही.

बुधवारी ते नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कामावर आले. पॅसेंजर पन्नास मिनिटं लेट असल्याची घोषणा झाली. रोटेगावजवळ म्हैस आडवी आली म्हणे. आठ चाळीसची बस त्यांनी वेळेवर सोडली, पण शिट्टी मारतानाही नजर स्टेशनाच्या दाराकडेच होती. पुढची हर्सूल नऊ वीसची होती. केसरबाईंची मशीनवरची पाळी पावणेदहाची.

नऊ बाराला गाडी लागली. दारातून लोंढा बाहेर आला. डबे घेतलेले नोकरदार, दप्तरवाल्या पोरी, भाजीच्या पाट्या. बन्सीभाऊ टाचा उंचावून बघत राहिले. लोंढा ओसरला, मग एकेक जण, मग कुणीच नाही. काठी दिसली नाही.

नऊ वीसच्या बसवर कडुबा नावाचा ड्रायव्हर होता. त्यानं इंजिन चालू केलं.

"भाऊ, मारा शिट्टी."

"कडुबा, दोन मिनिटं थांब. मी आलोच."

कंट्रोलरनं थांबा सोडायचा नसतो. बन्सीभाऊंनी नोकरीत तो कधी सोडलाही नव्हता. पण त्या दिवशी पाय आपोआप निघाले. आधी वाटलं, दारातून फक्त डोकावू. मग वाटलं, बाकांपर्यंत जाऊन येऊ. प्लॅटफॉर्मवर आले तर गाडी उभीच होती. ती पुढं जालन्याकडे जाणारी. केसरबाई कायम मधल्या जनरलच्या डब्यात बसत, हे त्यांनी ऐकलेलं. ते खिडक्यांतून बघत निघाले. एक डबा, दुसरा डबा. अधू डोळ्यानं नीट दिसेना. तिसऱ्या डब्याच्या खिडकीला निळी पिशवी दिसली.

ते आत चढले. केसरबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. शेजारच्यांना वाटत होतं म्हातारीचा डोळा लागलाय. तोंडावर सूज आणि श्वास असा चाललेला, जसं कुणी भाता फुंकतंय.

"आक्का! ओ आक्का! स्टेशन आलं!"

त्यांनी डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. तेवढ्यात डब्याला हिसका बसला. गाडी हलली.

डब्यात एकच गलका झाला. कुणी म्हणालं साखळी ओढा, कुणी म्हणालं पाणी पाजा. एकानं टोपण काढून बाटली केसरबाईंच्या तोंडाशी नेली देखील.

"पाणी नगं!" बन्सीभाऊ एवढ्या जोरात ओरडले की बाटलीवाला घाबरला. "किडनीचा आजार हाय. आत आधीच पाणी भरलंय त्यांच्या."

साखळीला त्यांनी हात घातला. घट्ट धरली. आणि ओढली नाही. गाडीनं प्लॅटफॉर्म सोडला होता. मधेच रुळावर थांबली तर हिला उतरवून न्यायचं कुठून? रिक्षा येणार कशी? ही गाडी मुकुंदवाडीला थांबते. मुकुंदवाडी म्हणजे पाच-सात मिनिटं. ती पाच-सात मिनिटं ते केसरबाईंचा हात धरून उभे होते. मनात एकच चाललं होतं, साखळी न ओढून आपण चूक तर नाही केली? ओढली असती तर निदान लोक म्हणाले असते की याने काहीतरी केलं. श्रेया नावाची कॉलेजची एक मुलगी समोर बसली होती. तिनं केसरबाईंच्या पिशवीतून डायलिसिसची फाइल काढली आणि तिच्यावर लिहिलेल्या नंबरावर राजेंद्रला फोन लावला.

"आई घरून चांगली निघाली होती हो!" राजेंद्रचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "मी निघालो, मोटरसायकलवर निघालो."

मुकुंदवाडीला चौघांनी मिळून केसरबाईंना उतरवलं. बाहेर एक रिक्षा उभी होती. रिक्षावाला म्हणाला, "चचा, पैले बिठाओ, बाकी बाद में." सिडकोतून टीव्ही सेंटरपर्यंत त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. प्रत्येक सिग्नलला बन्सीभाऊ केसरबाईंच्या नाकासमोर बोट धरून श्वास बघत होते.

सेंटरमध्ये मेघा नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी बघताच स्ट्रेचर मागवलं, ऑक्सिजन लावला, सुई टोचली. मशीन सुरू झाल्यावर बाहेर आल्या.

"पोटॅशियम फार वाढलंय. छातीत पाणी आहे. पुढचे दोन-तीन तास बघावं लागेल. तुम्ही कोण यांचे?"

बन्सीभाऊ गोंधळले. "मी... बसचा."

तेव्हा कुठं त्यांना बस आठवली. खिशातला फोन काढला तर कडुबाचे अकरा मिस्ड कॉल. त्यांनी त्याला उलटा फोन लावला. शिट्टी नाही म्हणून नऊ वीसची बस पंचवीस मिनिटं जागची हलली नव्हती, आणि तिच्यामागच्या दोन फेऱ्या कागदावर चढल्याच नव्हत्या. एका बाईचं त्या बसमुळं कोर्टातलं काम चुकलं होतं आणि तिनं लेखी तक्रार केली होती. कडुबाकडून हे ऐकून बन्सीभाऊ बाकावर बसले. एका मागं राहिलेलीला शोधायला गेलो आणि बसभर माणसं मागं ठेवली, ही गोष्ट त्यांच्या मनातून पुढं कधी गेली नाही.

राजेंद्र तासाभरात पोचला. धुळीनं माखलेला. सुरुवातीला थांब्यावर पाहिलेल्या बन्सीभाऊंना त्यानं ओळखलं नाही. दोघं एकाच बाकावर काचेच्या दाराकडे बघत बसले. दुपारी एकच्या सुमारास दार उघडलं आणि डॉक्टर मेघा म्हणाल्या, "बोलायला लागल्यात. बस चुकली का विचारतायत."

राजेंद्र रडायला लागला. बन्सीभाऊ उठून नळाकडे गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

चौथ्या दिवशी डेपोत बोलावणं आलं. तात्यासाहेब म्हणून मोठे अधिकारी होते, नियमाला पक्के.

"हिवराळे, कंट्रोलरनं जागा सोडायची नसते."

"व्हय साहेब. चुकलंच."

"ड्रायव्हरला बस सोड म्हणून सांगून तर जायचं."

"ते सुचलंच नाय, साहेब."

तात्यासाहेबांनी लेखी ताकीद दिली. बन्सीभाऊंनी सही केली. तीस वर्षांच्या नोकरीतली पहिली ताकीद. कागद घडी घालून खिशात ठेवला. दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "बाई कशी आहे आता?"

बाई बरी होती. पण त्या दिवशीच्या धावपळीतून राजेंद्रच्या एक लक्षात आलं. टीव्ही सेंटर मुख्य स्टेशनापेक्षा मुकुंदवाडीहून जवळ पडतं. पुढच्या आठवड्यापासून सून मोनाली सोबत यायला लागली आणि दोघी मुकुंदवाडीलाच उतरायला लागल्या. म्हणजे केसरबाईंची गाडी आता बन्सीभाऊंच्या समोरून पुढं निघून जायची, आणि त्यांना दिसायचं काहीच नाही. मग मोनालीनं ठरवून दिलं, सेंटरला पोचलं की मिस्ड कॉल. गाडी स्टेशनातून मुकुंदवाडीकडे सुटली की बन्सीभाऊ फोन टेबलावर उताणा ठेवत आणि दर मिनिटाला त्याच्याकडे बघत.

जूनमध्ये केसरबाईंनी जेवायला बोलावलं. रविवारी बन्सीभाऊ आणि सारजाबाई लासूरला गेले. इतकी वर्षं त्या गाडीची वाट बघितली, पण तिच्या वाटेनं ते कधी गेलेच नव्हते. पुरणपोळीचं जेवण झालं. केसरबाईंनी स्वतः वाढलं, आपण चमचाभर आमटी घेतली आणि हसून म्हणाल्या, "तुम्ही प्या पोटभर पाणी. माझ्या वाटचंबी प्या."

परतीच्या गाडीला भरपूर अवकाश होता. राजेंद्र म्हणाला, मी सोडतो मोटरसायकलवर, पाच मिनिटांचं तर अंतर. बन्सीभाऊ ऐकेनात. सगळ्यांचे निरोप घेऊन चालतच स्टेशनावर आले.

"गाडीला आजून दीड तास हाय," सारजाबाई म्हणाल्या. "मान्सं गप्पा मारत बसली व्हती तिथं. इथं उन्हात काय करायचं?"

"लवकर आली तर?"

"रेल्वे कधी लवकर येती का?"

सारजाबाई सावलीत बाकावर बसल्या, पदरानं वारा घेत राहिल्या. बन्सीभाऊ रोटेगावच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. गाडी वेळेवर आली. चढताना त्यांनी सारजाबाईंचा हात धरला आणि गाडी सुटून लासूरचा प्लॅटफॉर्म मागं पडेपर्यंत सोडला नाही.