द्राक्षवेलीची भुरी आणि माझा मोबाइल

द्राक्षवेलीची वाट लावायला रोगच लागतो असं नाही, शिकलेला जावईही पुरतो.

माझे सासरे निफाडकडचे. त्यांनी आपली पहिली बाग मोडली तेव्हा तिच्यातली एक वेल मुळासकट आणून पनवेलजवळच्या नेरे गावातल्या आमच्या जागेत लावली. लेकीच्या दारात तेवढी राहील म्हणून. तिसऱ्या वर्षी तिला एक घड धरला. एकच! फोनवर हे त्यांना सांगितलं. "पिकू द्या. मी येतो खायला," म्हणाले.

घड सांभाळायचं काम मी अंगावर घेतलं (कोणी दिलं नव्हतं). आम्ही राहतो पनवेलला, त्यामुळे वेलीला पाणी घालायच्या तिथल्या शेजारच्या पार्वतीमावशी. जन्मभर भाजी पिकवलेली बाई, पण त्यांच्याकडे ॲप नव्हतं. माझ्याकडे होतं. पानाचा फोटो काढायचा, ॲप रोग ओळखणार. शेतकऱ्यांनी उगाच इतकी वर्षं डोळे वापरले.

पहिल्याच रविवारी नेऱ्याला जाऊन काढलेल्या फोटोत पानांवर पांढरट थर दिसला. ॲप म्हणालं, भुरी. म्हणजे पांढरी बुरशी. रोगट पानं ताबडतोब काढा.

"बाबांना विचार आधी," बायको म्हणाली.

"बाबांच्या वेळी हे तंत्रज्ञान होतं का?" मी म्हणालो आणि पानं काढली.

पुढच्या रविवारी उरलेल्या पानांवर दुप्पट पांढरं. त्यातलीही बरीच काढली. फोटोंवर लाल गोल करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, चौघांनी अंगठेही दिले. मावशी बांधावरून बघत होत्या.

"दादा, पानं कशाला तोडता? वेल तं चांगली हाय."

"मावशी, हे डोळ्यांनी नाही कळायचं."

"आसंल," म्हणून त्या गेल्या.

सासरे आले तेव्हा वेलीवर चार पानं होती आणि उन्हात सुकलेला हिरवा घड. सासऱ्यांनी त्यातला एक मणी तोंडात टाकला. डोळे घट्ट मिटले, पण गिळला. जावयाच्या घरी थुंकायचं कसं?

"भुरी होती," मी घाईघाईने फोटो दाखवले. त्यांनी फोन बाजूला केला, एक पान धरलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि हुंगला.

"ही चुलीतली राख आहे."

"मीच टाकली," मावशी म्हणाल्या. "कीड लागू नये म्हणून आमी सगल्या भाजीवर टाकतो. दादा पानं तोडीत सुटलं, मना वाटलं कीड वाढली. म्हणून आनखी टाकली."

"एकदा बोट लावून बघायचं, जावईबापू," सासरे इतक्या हळू म्हणाले की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"बोट फोनवरून उचललं तर ना, बाबा," बायकोने माझी बाजू मांडली.

मला खरंच लाज वाटली. तो माणूस एका घडासाठी निफाडहून आला होता, आणि मी त्याला पुरावे दाखवत होतो.

जाताना त्यांनी वेलीच्या दोन काड्या छाटल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्यासमोर मावशींच्या हातात दिल्या. त्या काड्यांना यंदा, तिसऱ्या वर्षी, मावशींच्या अंगणात घड धरलेत. मला फोटो काढायला मनाई नाही. फक्त कुंपणाबाहेरून, झूम करून.