मावशीची लाल चादर

माझी मावशी जन्माची संशयी. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय ती दूधवाल्याला दारातून हलू देत नसे आणि एका डॉक्टरांनी दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गिळत नसे. मी शिकायला तिच्याकडे राहत होते. तिचे यजमान, म्हणजे शाळेची बस चालवणारे माझे काका, दर रविवारी एकटेच डोंगरावर जायला लागले, तेव्हा मावशीच्या डोक्यात किडा वळवळणारच होता.

"गुडघे दुखतात म्हणून बाजारात येत नाहीत आणि डोंगर बरा चढवतो यांना! कोणीतरी आहे वर."

त्या रविवारी काका निघाले तशी तिनं धुणं बादलीतच टाकलं आणि मला ओढत त्यांच्या मागे निघाली.

वाट म्हणजे नुसता खडा चढ. पायाखालून खडी घसरत होती, वरच्या टप्प्यात तर हात टेकून चढावं लागलं. मावशीला धाप लागली, तरी तोंड थांबेना. "तरुणच असणार गं. म्हातारी कशाला मरायला चढतेय इथवर?" मला हसू येत होतं आणि तिची कीवही येत होती.

माथ्यावर कठडा आहे, तिथून खालचं सगळं गाव दिसतं. काका एकटेच कठड्याला धरून उभे होते. एकदा एक डोळा झाकत, एकदा दुसरा. मग मटकन खाली बसले आणि चक्क रडायला लागले.

मावशीचा राग कुठल्या कुठे पळाला. "अहो, काय झालं?"

"संपलं गं सगळं. रविवारी तू गच्चीवर लाल चादर वाळत घालतेस ना, ती इथून बघतो मी. दिसली की आठवडाभर बिनघोर बस चालवतो. आज दिसतच नाही."

"अहो, चादर बादलीत आहे! तुमच्या मागे धावताना वाळत घालायची राहिली."

काका रडता रडता हसायला लागले. मीही हसले. मावशी हसली नाही. उतरताना ती सारखी मागे वळून त्यांची पावलं कुठे पडतायत ते बघत होती.

पुढच्या रविवारी काका शीळ घालत घरी आले. "दिसली गं! लालभडक, अगदी ठसठशीत."

"बरं झालं," म्हणून मावशीनं चहा पुढे केला. त्या रात्री ती जेवली नाही.

सोमवारी सकाळी बसची किल्ली सापडेना. काकांनी घर डोक्यावर घेतलं. "अगं, पोरं रस्त्यावर ताटकळली असतील!"

मावशीनं न्हाणीघरातून बादली आणून त्यांच्या पायाशी ठेवली. आपला संशय खरा निघाला म्हणून तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"चादर कालपासून हिच्यातच आहे," ती म्हणाली. "शाळेत फोन केलाय मी. पोरांना दुसरा ड्रायव्हर नेतोय."