ऑगस्टमधलं थँक्सगिव्हिंग

पडदा वर जातो तेव्हा ऑगस्टची दुपार आहे. विस्कॉन्सिनमधलं आमचं कागद गिरणीचं गाव, नदीकडच्या गल्लीतलं पिवळं घर. खिडक्या सताड उघड्या, पण वाऱ्याचा पत्ता नाही. सकाळपासून पेटलेल्या ओव्हनची धग स्वयंपाकघरातून जेवणाच्या खोलीत येते आहे. दारावर तांबड्या-पिवळ्या कागदी पानांचं तोरण. टेबलाभोवतीची माणसं घामाने निथळत आहेत, तरी लोकरी कपडे घालून बसली आहेत, कारण यजमानीणबाईंनी तसं बजावलं आहे. मधोमध, लंबगोल चिनी मातीच्या ताटात, सोनेरी भाजलेली टर्की.

“थँक्सगिव्हिंगला माझ्या टेबलाशी कुणी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसत नाही,” आर्डिस म्हणाली.

आर्डिस बोलमनने सगळी उमर गावातल्या नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत काढली. आमची फिरती नाटक कंपनी हिवाळ्याच्या तोंडावर तिथे उतरायची. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, सगळा देश आपापल्या घरी जेवत असायचा आणि आम्ही नटमंडळी हॉटेलात गार सॅंडविच चावत बसायचो. एका वर्षी खिडकीतून तिकिटाऐवजी तिचं डोकं बाहेर आलं. “दोन वाजता माझ्या घरी या. हात धुऊन या.” बस, एवढंच आमंत्रण. तेव्हापासून दर वर्षी तिच्या टेबलाशी नवरा, मुलं, बहीण आणि कोपऱ्यात उरलेसुरले नट. पुढे कंपनी मोडली. मी याच गावात राहिलो, त्याचं निम्मं कारण ते टेबल.

त्या वर्षी जुलैत डॉक्टरांनी तिला सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पानगळ काही दिसायची नाही. आर्डिस घरी आली, पर्स ठेवली आणि मला म्हणाली, “लॉइड, थँक्सगिव्हिंग पुढच्या महिन्यात आहे.” वाण्याने शीतपेटीच्या तळातून गेल्या हंगामातली टर्की उकरून काढली. मुलगा कर्टिस बायकामुलांसह विमानाने ॲरिझोनाहून आला. मुलगी रेनी तासाभरावरच्या शहरातून आली, धाकटी बहीण लव्हॉन मिनेसोटाहून. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगितलं, आणि प्रत्येकाने तिचंच नाव घेतलं. नातवंडांनी तिला मिठी मारून निरोप घेतला. मी आयुष्यभर रंगमंचावर रडलो, पण एवढं खरं रडणं एका खोलीत कधी पाहिलं नव्हतं.

मग तिने वाटण्या केल्या. लंबगोल ताट रेनीला. ग्रेव्हीचं चोचीचं भांडं लव्हॉनला. गेलेल्या नवऱ्याची, टर्की कापायची सुरी कर्टिसला. आणि बटाटे कुस्करायचा लाकडी दट्ट्या मला.

“मला दट्ट्या?” मी म्हणालो.

“तुला दुसरं काय देऊ? सुरी दिली तर नाटकं करशील.”

सगळे रडता रडता हसले. पडदा इथेच पडायला हवा होता.

पण आर्डिस मेली नाही.

सप्टेंबर गेला. पानं लाल झाली, गळाली, मी ती तिच्या अंगणातून झाडून काढली. ती वाळून काडी झाली होती, दोन घासांपलीकडे जेवत नव्हती, पण रोज सकाळी उठून बसत होती. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी तिने मला फोन जवळ आणून ठेवायला लावला.

“कर्टिस, थँक्सगिव्हिंगला दोन वाजता. नेहमीसारखं.”

ती ऐकताना रिसीव्हर कानापासून लांब धरायची, म्हणून मलाही ऐकू येत होतं.

“आई, आम्ही ऑगस्टमध्ये येऊन गेलो ना.”

“ते ऑगस्टचं झालं. मी नोव्हेंबरचं म्हणतेय.”

“रजा उरली नाही गं. आणि मुलांना काय सांगू? त्यांनी तुझा निरोप घेतलाय. धाकटा अजून झोपेत रडतो. पुन्हा कसं आणू त्याला?”

“आजी अजून आहे, असं सांग.”

“आई, प्लीज.”

तिने रिसीव्हर ठेवला आणि लव्हॉनचा नंबर फिरवला. लव्हॉन तर ऐकताच हुंदके द्यायला लागली. “ताई, मला पुन्हा रडायला लावू नकोस गं. माझं एकदा रडून झालंय.”

“अगं, रडायला नाही, जेवायला बोलावतेय!”

“ग्रेव्हीचं भांडं हवं असेल तर पाठवते मी.”

रेनीने तर सासरची सगळी मंडळी आपल्या घरी बोलावली होती. पहिल्यांदाच. “मला वाटलं, या वर्षी... म्हणजे, तुझं ताट आता माझ्याकडे आहे, म्हणून मीच करावं. तू ये ना इकडे. आम्ही गाडीत उशा घालून नेतो तुला.”

“पाहुणी म्हणून?”

“आई, तू आजारी आहेस.”

“माझं टेबल इथे आहे, रेनी.”

फोन ठेवल्यावर ती भिंतीकडे बघत बसली. मला राहवेना. म्हटलं, “आमच्या धंद्यात बडे नट निरोपाचा प्रयोग दहादा करतात. आणि दहाही वेळा थिएटर भरतं.”

“त्या लोकांनी तिकीट काढलेलं असतं,” ती म्हणाली. “आपण फुकटात बोलावतो.”

पुढच्या आठवड्यात पोस्टाने खोकं आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ग्रेव्हीचं भांडं. सोबत चिठ्ठी नव्हती.

त्या गुरुवारी मी पहाटेच गेलो, दट्ट्या घेऊन. आर्डिस स्वयंपाकघरात खुर्चीवर, गुडघ्यांवर गोधडी. ती सांगत होती, मी करत होतो. “लोणी पातळ कर. अरे, पातळ म्हणजे जाळू नकोस! नट कुठला.” पक्षी लहानच आणला होता. ताट रेनीकडे होतं, म्हणून तो ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्येच राहिला. भाजीच्या सुरीने मी तो कापला. टेबल मात्र तिने पूर्ण मांडायला लावलं. सगळ्या खुर्च्या, सगळे पांढरे, घड्या केलेले नॅपकिन. मी विचारलं, “एवढं कशाला?”

“कुणी आलं तर उभं राहील का?”

दोन वाजले. अडीच झाले. रस्त्यावरून एक गाडी गेली. तिने मान वळवली आणि पुन्हा सरळ केली.

“वाढ,” ती म्हणाली.

मी ग्लास उचलला. कशाबद्दल कृतज्ञ, ते सांगायचं होतं.

“ते ऑगस्टमध्ये झालं,” ती म्हणाली. “आज नुसतं जेव.”

मी जेवलो. ती कुस्करलेल्या बटाट्यात चमचा फिरवत माझ्याकडे बघत होती. गुठळ्या राहिल्यात, असं मात्र न विसरता म्हणाली.

दिवस मावळताना दार वाजलं. रेनी. अंगावर कोट, हातात लंबगोल ताट, वरून चंदेरी कागद. कागदाखाली तिच्या घरच्या जेवणातलं उरलेलं. मांडलेलं टेबल तिने पाहिलं, कोऱ्या थाळ्या पाहिल्या, आणि ताट तसंच हातात धरून उभी राहिली.

“आई, मला वाटलं होतं...”

“नोव्हेंबरपर्यंत मी नसेन. मलाही तसंच वाटलं होतं, बाळा. बस. कोट काढ.”

“तो गाडीत थांबलाय. सासूबाईही आहेत.”

बाहेर इंजिन चालूच होतं. आर्डिसने खुर्चीच्या हातांना धरून उठायचा प्रयत्न केला. यजमानीण दारापर्यंत येतेच, ही तिची रीत. पण तिला उठवेना. “बरं,” ती म्हणाली. रेनीने खाली वाकून तिच्या केसांना ओठ लावले, ताट टेबलावर ठेवलं आणि गेली. गाडीचे दिवे भिंतीवरून सरकत गेले.

“ते धुऊन ठेव,” आर्डिस म्हणाली. “रविवारी तिच्याकडे नेऊन दे. दिलेली वस्तू मी परत घेत नाही.”

मी उरलेलं काढून ठेवलं, ताट धुतलं, पुसलं. कोऱ्या थाळ्याही उचलल्या. न वापरलेल्या नॅपकिनच्या घड्या तिने मला मोडू दिल्या नाहीत. शनिवारी सकाळी नर्स आली तेव्हा आर्डिस गेलेली होती. रविवारी ताट रेनीकडे पोचवायचं होतं, ते मी तिच्या हाती दफनाच्या दिवशी दिलं. कर्टिस आला होता, एकटाच. लव्हॉनला जमलं नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी गोधडी तिच्या गळ्यापर्यंत ओढली होती, दिवा मालवला होता, आणि दारापाशी टोपी घालत होतो. अंधारातून तिचा तो तिकीटखिडकीतला आवाज आला.

“लॉइड, तुझी वेळ येईल तेव्हा कुणाला काही सांगू नकोस. नुसतं जेवायला बोलाव.”